हक्क आणि त्याचें माप

नागरिकाची आणि त्याच्या नगरपालिकेची गांठ पूर्वीं दोन ठिकाणीं पडत असे. एक रस्त्यावर आणि दुसरी कचेरीच्या खिडकीपाशीं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिसऱ्या एका ठिकाणाची यांत भर पडली आहे, आणि तें म्हणजे संगणकाचा किंवा हातांतील फोनचा पडदा. जन्ममृत्यूचा दाखला, घरपट्टी, पाणीपट्टी, नळजोडाचा अर्ज, खड्ड्याची किंवा कचऱ्याची तक्रार हीं सारीं कामें आतां घरबसल्या होतात, असें आपण अभिमानानें सांगतों. हा अभिमान अनाठायीं नाहीं. परंतु घरबसल्या होणारें हें काम सर्वांच्याच घरीं होतें काय, असा प्रश्न कोणीं केला म्हणजे मात्र उत्तर देतांना जीभ अडखळते.

अंध मनुष्य संगणक वापरतो कसा, याची कल्पना पुष्कळ सुशिक्षितांसहि नसते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एक यंत्रणा संगणकांत किंवा फोनमध्यें बसविलेली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. ही यंत्रणा अक्षरें वाचते, चित्रें वाचूं शकत नाहीं. चित्राच्या पाठीशीं त्याचें वर्णन लिहून ठेविलें असेल तर ती तें सांगते. नसेल तर एखादें निरर्थक नांव उच्चारून पुढें जाते. अर्जांतील रकान्यास नांव जोडलेलें नसेल तर ऐकणारास एवढेंच कळतें कीं येथें कांहीं लिहावयाचें आहे. काय लिहावयाचें तें कळत नाहीं. ज्याचे हात थरथरतात त्यास माउस धरवत नाहीं, त्याचें सारें काम कळफलकावर चालतें. आणि ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास चित्रफितीखालीं लिहिलेले शब्द लागतात. या गोष्टी करावयास फार मोठा खर्च लागतो असें नाहीं. आरंभींच केल्या तर तो अगदींच थोडा लागतो. असें असूनहि त्या जगभर इतकीं वर्षें कां राहिल्या, हा इतिहासाचा प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासांत जितकें स्पष्ट सांपडतें तितकें क्वचितच इतरत्र सांपडेल.

या इतिहासाचा आरंभ संगणकापाशीं होत नाहीं. तो रस्त्याच्या कडेशीं होतो. दुसऱ्या महायुद्धांतून जखमी होऊन परतलेले सहस्रावधि तरुण चाकांच्या खुर्चींत बसून आपापल्या गांवीं आले, तेव्हां त्यांच्या असें लक्षांत आलें कीं, युद्धांत वांचलेला मनुष्य आपल्याच गांवच्या फूटपाथच्या सहा इंच उंचीपुढें हतबल होतो. मिशिगन संस्थानांतील कॅलमझू या गांवीं जॅक फिशर नांवाचा असाच एक अपंग माजी सैनिक वकिली करीत असे. त्यानें १९४५ सालीं गांवच्या कारभाऱ्यांकडे मागणी करून भर बाजारपेठेंतील फूटपाथच्या कांहीं कडा उतरत्या करून घेतल्या. मागणी लहान होती, परंतु तींत एक मोठें तत्त्व दडलेलें होतें. रस्ता सर्वांच्या पैशानें बांधला जातो, तेव्हां तो सर्वांस चालतां यावा, हें तें तत्त्व होय.

तथापि एका गांवानें सद्बुद्धीनें केलेली गोष्ट दुसऱ्या गांवानें करावी कशी? उतरण किती लांब असावी? फार उभी झाली तर खुर्ची उलटते. फार लांब झाली तर जागा पुरत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर इलिनॉय विद्यापीठांतील टिमथी न्यूजंट यांच्या प्रयोगांतून निघालें. अपंग विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं तेथें जें कार्य चालविलें होतें, त्यांतील अनुभव व मोजमापें यांच्या आधारें १९६१ सालीं अमेरिकेंतील पहिलें प्रमाणपत्रक तयार झालें. एक फूट चढ असेल तर बारा फूट उतरण, दाराची मोकळी रुंदी निदान बत्तीस इंच, अशीं त्यांत साधीं मापें होतीं. त्याच्या पाठीशीं त्या वेळीं कायद्याचें बळ नव्हतें. परंतु गवंड्यास, कंत्राटदारास आणि नगरपालिकेच्या ओव्हरसियरास समजेल अशी भाषा त्यांत होती. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व कथा तिच्याभोंवतीं फिरते.

हक्क कायद्यांत आला तो त्यानंतर. १९७३ सालच्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमानें ठरविलें कीं, मध्यवर्ती सरकारचें द्रव्य घेणाऱ्या कोणत्याहि कार्यांतून केवळ अपंगत्वामुळें कोणासहि वगळतां कामा नये. वाक्य उत्तम होतें. परंतु वगळणें म्हणजे काय आणि न वगळण्यासाठीं काय करावें, हें सांगणारे नियम निघावयाचे होते. ते निघेनात. एकामागून एक तीन अध्यक्षांची कारकीर्द आली, मसुदे टेबलावरून टेबलावर गेले, आणि हक्क कागदावर राहिला. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील सरकारी इमारतींत सुमारें दीडशें अपंग स्त्रीपुरुष शिरले आणि तेथेंच ठाण मांडून बसले. त्यांच्यांत ज्युडिथ ह्यूमन ही बाई अग्रभागीं होती. बालपणीं पोलिओ झाल्यामुळें ती चाकांच्या खुर्चीवर असे. पुष्कळांस रोजची शुश्रूषा लागे, औषधें लागत, निजतांना कूस बदलावयास दुसऱ्याचा हात लागे. टेलिफोन तोडण्यांत आले तेव्हां बहिऱ्या आंदोलकांनीं खिडकींतून हातांच्या खुणांच्या भाषेनें बाहेरील मित्रांशीं संभाषण चालू ठेविलें. तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर २८ एप्रिल रोजीं मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनीं नियमांवर सही केली. या लोकांची झुंज नव्या कायद्यासाठीं नव्हती. झालेल्या कायद्याचे नियम मिळावेत एवढ्यासाठीं ती होती. हक्क आणि त्याचें माप यांमधील अंतर किती महाग पडतें, याचें इतकें ठळक उदाहरण विरळा.

पुढें २६ जुलै १९९० रोजीं अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट' या कायद्यावर सही केली. त्याच्या दुसऱ्या भागानें संस्थानें, कौंटी, शहरें, शाळामंडळें, वाहतूकमंडळें अशा सर्व स्थानिक सत्तांवर बंधन घातलें कीं, त्यांची प्रत्येक सेवा अपंगांस मिळाली पाहिजे. मग ती सरकारी द्रव्यावर चालत असो वा नसो. रस्त्याच्या बाबतींत या कायद्याचा परिणाम लवकरच दिसूं लागला, कारण माप तयार होतें. १९९३ सालीं फिलाडेल्फिया शहराच्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, रस्त्यावर नवा डांबराचा थर देणें म्हणजे रस्त्यांत बदल करणें होय, आणि म्हणून त्याबरोबर फूटपाथच्या कडाहि उतरत्या केल्या पाहिजेत. २००२ सालीं सॅक्रॅमेंटो शहराविरुद्धच्या खटल्यांत फूटपाथ हीच शहराची एक सेवा आहे असा निकाल झाला. आणि पुढील तडजोडींत त्या शहरानें तीस वर्षेंपर्यंत आपल्या वाहतूकनिधीचा वीस टक्के भाग फूटपाथ सुधारण्याकडे लावण्याचें मान्य केलें. न्यायाधीशानें हुकूम करावा आणि इंजिनिअरनें टेप घेऊन तो बजावावा, इतकें हें काम सरळ झालें होतें.

आतां कालगणनेंतील एक विलक्षण योग पाहण्यासारखा आहे. या दुसऱ्या भागाचे नियम २६ जुलै १९९१ रोजीं प्रसिद्ध झाले. आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, ६ ऑगस्ट रोजीं, टिम बर्नर्स-ली यांनीं आपल्या 'वर्ल्ड वाइड वेब'ची माहिती सर्वांसाठीं जाहीर केली. नियम लिहिणारांच्या मनांत वेब असणें शक्य नव्हतें. त्यांच्यापुढें कचेरीच्या पायऱ्या होत्या, बस होती, टेलिफोन होता. पण कांहीं वर्षांतच शहरांनीं आपल्या कचेऱ्या हळुहळू त्या नव्या जागेंत हलविल्या. जिना जाऊन त्याच्या जागीं पडदा आला, आणि पडद्यास अद्यापि कोणीं मापाची टेप लाविली नव्हती.

सरकारास हें कळत नव्हतें असें नाहीं. १९९६ सालीं न्यायखात्यानें एका सिनेटरास लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट म्हटलें कीं, या कायद्याखालीं येणाऱ्या संस्थांनीं इंटरनेटवरून माहिती दिली तर तीहि अपंगांस मिळेल अशीच दिली पाहिजे. मापहि लवकरच तयार झालें. बर्नर्स-ली यांच्याच पुढाकारानें स्थापन झालेल्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम' या संस्थेनें १९९७ सालीं सुगम्यतेचें कार्य हातीं घेतलें, आणि ५ मे १९९९ रोजीं तिची पहिली मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध झालीं. दुसरी सुधारलेली आवृत्ति २००८ सालीं निघाली. म्हणजे हक्क होता, मापहि होतें. परंतु त्या दोहोंस जोडणारा नियम नव्हता. मध्यवर्ती सरकारनें १९९८ सालीं स्वतःच्या कचेऱ्यांपुरती तशी सक्ति करून घेतली. गांवें आणि शहरें मात्र तिच्या बाहेर राहिलीं.

याचा परिणाम असा झाला कीं, प्रत्येक शहर अंधारांत चांचपडूं लागलें. २००१ सालीं अटलांटा येथील वाहतूकमंडळाविरुद्ध अपंग उतारूंनीं खटला केला, तेव्हां त्यांच्या गाऱ्हाण्यांत बिघडलेल्या लिफ्टांबरोबर संकेतस्थळाचेंहि गाऱ्हाणें होतें. अंध उतारूस बसचें वेळापत्रक वाचतां येत नव्हतें; न्यायालयानें तो दोष मान्य केला. परंतु दोष आहे हें सांगणें निराळें आणि किती केलें म्हणजे तो दूर होईल हें सांगणें निराळें. न्यायखात्यानें २००३ सालीं स्थानिक सरकारांसाठीं एक सल्लापत्रक काढलें. तें उपयुक्त होतें, पण तो सल्लाच होता. २०१० सालीं नियम करण्याची सूचना निघाली. २०१६ सालीं पुन्हां लोकमत मागविलें गेलें. २०१७ च्या डिसेंबरांत ती सारी खटपटच मागें घेण्यांत आली. २०२३ सालीं नवा मसुदा निघाला, आणि अखेर २४ एप्रिल २०२४ रोजीं नियम प्रसिद्ध झाला. कायदा झाल्यापासून चौतीस वर्षें लोटलीं होतीं. कायद्याच्या वर्षीं जन्मलेलें अंध मूल या काळांत शाळा संपवून, नोकरीस लागून, कर भरूं लागलें. आणि आपला कर भरण्याचें पान आपणांस वाचतां यावें याचें निश्चित माप काय, हें त्यास कोणी सांगूं शकत नव्हतें.

२०२४ च्या नियमाचें महत्त्व त्याच्या साधेपणांत आहे. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची २०१८ सालची आवृत्ति घेऊन, तिची मधली पायरी हें स्थानिक सरकारांचें माप होय, असें त्यानें ठरवून टाकलें. अक्षराचा व त्याच्या पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचारास एक या प्रमाणांत भिन्न असावा. प्रत्येक काम कळफलकावरून करतां यावें. अर्थपूर्ण चित्रास वर्णन आणि चित्रफितीस शब्द असावेत. अशा चाचणी घेतां येतील अशा अटी त्यांत आहेत. उतरणीच्या बारास एक या प्रमाणाचीच ही भावंडें होत. जुन्या संग्रहांतील कागद, तिऱ्हाइतांनीं घातलेला मजकूर वगैरेंस कांहीं सवलती आहेत. मूळ नियमांत पन्नास हजार किंवा अधिक वस्तीच्या ठिकाणांस दोन वर्षांची आणि त्याहून लहान ठिकाणांस तीन वर्षांची मुदत दिली होती.

लहान गांवास अधिक मुदत कां, हें समजण्यासारखें आहे. मोठ्या शहरापाशीं संगणकतज्ज्ञांचें खातें असतें. लहान गांवीं एकच कारकून सभेचें इतिवृत्त लिहितो, परवाने देतो आणि फावल्या वेळांत संकेतस्थळहि सांभाळतो. कागद छापून, त्याचें छायाचित्र काढून तें पानावर चढविणें त्यास सर्वांत सोपें. आणि त्या छायाचित्रांत स्क्रीन रीडरास एकहि अक्षर सांपडत नाहीं. अशा माणसाच्या हातीं नुसतें माप दिलें तर तो घाबरतो. आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकास ठकविणारे व्यापारी सर्वत्र असतात. पानावर एक लहानसें यंत्र बसवा म्हणजे सारें संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल, असा प्रचार करणाऱ्या एका कंपनीस २०२५ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें फसव्या जाहिरातीबद्दल दहा लक्ष डॉलर भरावयास लाविले. मापाबरोबर मदतहि हवी, ती यासाठीं.

मदतीचा एक चांगला नमुना इंग्लंडांत पाहावयास मिळतो. तेथें २०१८ सालच्या नियमांनीं सर्व सार्वजनिक संस्थांस सुगम्यतेचें बंधन घातलें आणि आपल्या संकेतस्थळांत काय उणें आहे याचें निवेदन स्वतःच प्रसिद्ध करावयास सांगितलें. त्याबरोबर तपासणी करणारें मध्यवर्ती खातेंहि नेमलें. याच सुमारास ब्रायटनच्या नगरसभेनें आपल्यासाठीं लिहिलेली संकेतस्थळाची प्रणाली क्रॉयडनच्या सभेनें उचलली व सुधारली, आणि त्यांतून अनेक नगरसभांची एक सामायिक प्रणाली उभी राहिली. एका गांवानें एकदां नीट केलेला अर्ज दुसऱ्या गांवास फुकट मिळतो, आणि एकानें दुरुस्त केलेला दोष सर्वांचा दुरुस्त होतो. कॅलमझूच्या कारभाऱ्यांस जें साधणें शक्य नव्हतें, तें येथें सहज साधतें. कारण सिमेंटची उतरण उचलून दुसऱ्या गांवीं नेतां येत नाहीं, संगणकाची प्रणाली नेतां येते.

हा इतिहास परक्या देशाचा असला तरी त्यांतील पेंच आपल्याहि घरचा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या आपल्या कायद्यानें माहिती व सेवा सुगम्य असण्याचा हक्क दिला. २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमानें त्यासाठीं अनेक मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविलें. परंतु त्या तत्त्वांपैकीं पुष्कळशीं शिफारशीच्या भाषेंत होतीं. करावें, जमल्यास करावें, अशा शब्दांवर कोणास जाब विचारतां येत नाहीं. २०२१ सालीं महामारींत लस मिळण्याचा मार्ग 'कोविन' या संकेतस्थळावरून जाऊं लागला, तेव्हां दृष्टिहीनांस त्यावर कोणत्या अडचणी येतात याकडे सर्वोच्च न्यायालयास त्या वर्षीं ३१ मेच्या आदेशांत सरकारचें लक्ष वेधावें लागलें. पुढें राजीव रतुरी यांनीं २००५ सालीं आरंभिलेल्या प्रकरणांत ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं निकाल देतांना त्याच न्यायालयानें तो पंधरावा नियमच मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला. कायदा सक्ति सांगतो आणि नियम शिफारस करतो, हें चालावयाचें नाहीं, असा त्याचा आशय होता. जें अवश्य केलेंच पाहिजे तें निराळें काढून सक्तीचें करावें, असा आदेश झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं आणखी एका निकालांत डिजिटल सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. तें प्रकरण आम्लहल्ल्यांतून वांचलेल्या एका स्त्रीनें नेलें होतें. ओळख पटविण्यासाठीं यंत्र तिला पापण्या मिटावयास सांगे, आणि तें तिला शक्य नव्हतें.

मराठी कचेऱ्यांपुढें याशिवाय आपली अशी एक अडचण आहे, आणि तिचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस जागा मिळाली होती. परंतु त्यानंतरहि पुष्कळ वर्षें आपल्याकडील कागद जुन्या फाँटांत टंकलिखित होत राहिले. अशा फाँटांत डोळ्यास देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ सांठविलेला असतो. डोळस मनुष्य ठराव वाचून पुढें जातो. अंध मनुष्याच्या कानांत मात्र तोच ठराव निरर्थक अक्षरांच्या खडखडाटासारखा पडतो. येथें दोष तंत्रविद्येचा नाहीं. देवनागरीचें माप पडून होतें; तें वापरण्याची सक्ति आणि वापरावयास शिकविणारा मनुष्य, हीं दोन्हीं कारकुनापर्यंत वेळेवर पोंचलीं नाहींत. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें एकोणतीस लक्ष त्रेसष्ट हजार दिव्यांगांची नोंद झाली. त्यांतील प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा नागरिक आहे.

यावर कोणी असें म्हणेल कीं, मापाच्या मागें लागलें म्हणजे काम यांत्रिक होतें. चाचणींत उत्तीर्ण झालेलें पानहि वापरणारास त्रास देऊं शकतें. हा आक्षेप खोटा नाहीं. माप हें किमान होय. त्याच्या पलीकडे अपंग मनुष्यासच शेजारीं बसवून, अर्ज भरावयास सांगून, तो कोठें अडतो हें पाहिलें पाहिजे. न्यूजंट यांचीं मापेंहि अशाच अनुभवांतून निघालीं होतीं. परंतु किमानच ठरलेलें नसेल तर कमाल गांठण्याची गोष्ट कोणी बोलत नाहीं. अमेरिकेचीं चौतीस वर्षें याचीच साक्ष देतात. शिवाय उतरत्या फूटपाथाचा लाभ पुढें मुलाची गाडी ढकलणाऱ्या आईस झाला, हमालास झाला, वृद्धांस झाला. स्पष्ट अक्षरें, नांवें जोडलेले रकाने आणि चित्रफितीखालचे शब्द यांचाहि लाभ तसाच पसरतो. साठी उलटलेल्या ज्या वडीलमाणसास आज आपण फोनवरील अर्ज भरून देतों, त्यास तो स्वतः भरतां येईल.

वाचकांपैकीं ज्यांस या प्रश्नाची प्रचीति घ्यावयाची असेल त्यांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. आजच्या बहुतेक फोनांत वाचून दाखविण्याची सोय मुळांतच असते. ती चालू करून, डोळे मिटून, आपल्या गांवच्या नगरपालिकेची घरपट्टी भरण्याचा यत्न करावा. काम तडीस गेलें तर त्या कचेरीस आवर्जून धन्यवाद कळवावेत. न गेलें तर कोठें अडलें, कोणता रकाना मुका राहिला, कोणत्या चित्रानें वाट अडविली, हें लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवावें. 'संकेतस्थळ चांगलें नाहीं' अशा तक्रारीवर कारकुनास कांहीं करतां येत नाहीं; अमुक पानावर अमुक रकान्यास नांव नाहीं, एवढें सांगितलें तर तो तें दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करूं शकतो.